खंडित व्यायामाचा पुनरारंभ : प्रेरणेच्या प्रश्नाचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

व्यायाम न करणाऱ्या माणसांचे स्थूलमानाने दोन वर्ग करता येतात. ज्यांनी व्यायाम कधी केलाच नाही त्यांचा एक. आणि ज्यांनी तो काही वर्षे नियमाने केला, परंतु परीक्षा, नोकरी, संसार, आजारपण किंवा स्थलांतर अशा एखाद्या कारणाने तो सुटला व पुन्हा धरला गेला नाही, त्यांचा दुसरा. लोकव्यवहारात या दोन्ही वर्गांना एकच विशेषण लावले जाते, ते म्हणजे 'आळशी'. पहिल्या वर्गास ते कितपत लागू पडते हा प्रश्न तूर्त बाजूस ठेवू. दुसऱ्या वर्गास ते लावणे मात्र अन्यायाचे आहे. आणि केवळ अन्यायाचेच नव्हे, तर निदान म्हणूनही ते चुकीचे आहे. निदान चुकले की उपायही चुकतो, म्हणून या वर्गाचा स्वतंत्र विचार करणे अगत्याचे वाटते.

विद्यापीठाच्या परिसरात या वर्गातील माणसे शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. महाविद्यालयात असताना मैदान गाजविलेला विद्यार्थी प्रबंधाच्या अखेरच्या वर्षात जिना चढताना थांबू लागतो. तरुणपणी रोज पहाटे टेकडी चढून येणारे प्राध्यापक उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांमागे कधी दिसेनासे होतात, ते त्यांनाही सांगता येत नाही. या दोघांनाही व्यायामाचे महत्त्व पटवून देण्याची आवश्यकता नाही. ते त्यांनी अनुभवलेले असते. किंबहुना पुन्हा सुरुवात करण्याची इच्छाही त्यांच्या ठिकाणी असते. तरीही सुरुवात होत नाही.

पातंजल योगसूत्रांत चित्ताचे जे नऊ अंतराय सांगितले आहेत, त्यांत 'आलस्य' आणि 'अनवस्थितत्व' हे दोन वेगवेगळे मोजले आहेत. आलस्य म्हणजे उद्योगास प्रवृत्त न होणे. अनवस्थितत्व म्हणजे प्राप्त झालेल्या भूमिकेवर टिकून न राहणे. सूत्रकारांचा विषय चित्त हा आहे, देह नव्हे, हे खरे. तथापि मिळविलेली अवस्था हातची जाणे ही आळसाहून निराळी अडचण आहे हा त्यातील विवेक आपल्या प्रश्नासही उपयोगी पडणारा आहे.

असा मनुष्य आपली अडचण बहुधा एकाच वाक्यात सांगतो : "सुरुवात करावयाची आहे, पण प्रेरणा मिळत नाही." या वाक्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. एक, प्रेरणा आधी आणि कृती नंतर, असा क्रम असतो. दुसरी, त्याच्याजवळ जे कमी आहे ते प्रेरणाच होय. ही दोन्ही गृहीतके तपासून पाहणे हा या लेखाचा हेतू आहे. प्रेरणा ही पुष्कळदा कृतीच्या मागून येते, आणि परतणाऱ्या माणसाजवळ उणीव असते ती प्रेरणेपेक्षा योग्य मोजमापाची, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२. शरीर काय गमावते आणि काय राखते

प्रथम शरीराची बाजू पाहू. कारण मनातील निराशेचे मूळ पुष्कळदा शरीरासंबंधीच्या चुकीच्या समजुतीत असते.

१९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे बेंग्ट साल्टिन व त्यांचे सहकारी यांनी केलेला एक प्रयोग शरीरक्रियाशास्त्रात प्रसिद्ध आहे. सुमारे वीस वर्षे वयाच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पूर्ण विश्रांती देण्यात आली आणि त्यानंतर सुमारे आठ आठवडे त्यांच्याकडून कसून व्यायाम करून घेण्यात आला. अतिश्रमाच्या वेळी शरीर दर मिनिटास जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, यावरून माणसाचा दमसास मोजतात. या क्षमतेस आपण 'महत्तम प्राणवायु-क्षमता' असे म्हणू. तीन आठवड्यांच्या विश्रांतीने ही क्षमता सरासरीने एकचतुर्थांशाहून अधिक घटली. पुढील व्यायामाने ती पाचांच्याही ठिकाणी भरून आली. परंतु मूळ पातळीवर येण्यास पूर्वी बैठे जीवन जगणाऱ्या तिघांना जेवढे दिवस लागले, त्याहून अधिक दिवस व्यायामाची सवय असलेल्या दोघांना लागले. हे स्वाभाविकच आहे. ज्याने अधिक मिळविले होते, त्याला परत मिळवावयाचेही अधिक असते.

या प्रयोगाचा उत्तरार्ध अधिक उद्बोधक आहे. तीस वर्षांनंतर, १९९६ मध्ये, याच पाच व्यक्तींची पुन्हा तपासणी करण्यात आली. त्यांची वये आता पन्नाशीची होती, वजने वाढली होती, शरीरातील मेदाचे प्रमाण सुमारे दुप्पट झाले होते. असे असूनही तीस वर्षांच्या वयोमानाने त्यांच्या क्षमतेचा जेवढा ऱ्हास झाला होता, तो विशीतील तीन आठवड्यांच्या विश्रांतीने झालेल्या ऱ्हासापेक्षा कमी भरला. त्यानंतर सहा महिने चालणे, हलके धावणे व सायकल चालविणे असा हळूहळू वाढविलेला व्यायाम त्यांनी केला, आणि त्यांची क्षमता सरासरीने १९६६ मधील प्रारंभीच्या, म्हणजे अंथरुण धरण्यापूर्वीच्या, पातळीवर आली. मात्र विशीतील व्यायामानंतर त्यांनी जे शिखर गाठले होते, तेथे पाचांपैकी एकही पोहोचला नाही. अवघ्या पाच व्यक्तींवरून सर्वांसाठी नियम बांधता येणार नाही हे उघड आहे. तरीही 'आता वय झाले, गेले ते गेले' हा समज आणि 'पूर्वीचे शिखर पुन्हा गाठलेच पाहिजे' ही महत्त्वाकांक्षा, या दोहोंनाही या प्रयोगाने एकाच वेळी उत्तर मिळते.

व्यायाम सुटल्यावर होणारी घट सरळ रेषेत तळापर्यंत जात नाही, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. एडवर्ड कॉइल व त्यांचे सहकारी यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दीर्घकाळ सराव केलेल्या सात खेळाडूंनी बारा आठवडे सराव बंद ठेवला. पहिल्या २१ दिवसांत त्यांची महत्तम प्राणवायु-क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी घटली. ५६ दिवसांनंतर ती मूळच्यापेक्षा सुमारे १६ टक्के खाली येऊन स्थिरावली. कधीच सराव न केलेल्या माणसांपेक्षा ती तेव्हाही अधिकच होती. म्हणजे पहिली घट वेगाने होते, नंतरची मंदावते, आणि पूर्वीच्या सरावाचा काही अंश निदान काही काळ शिल्लक राहतो.

स्नायूंच्या बाबतीत याच दिशेने जाणारा एक शोध ऑस्लो येथे लागला. स्नायूवर भार पडून तो वाढतो, तेव्हा त्याच्या तंतूंतील केंद्रकांची संख्याही वाढते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगात असे आढळले की, पुढे स्नायू रोडावला तरी ही वाढलेली केंद्रके महिनोन्‌महिने टिकून राहतात. माणसांच्या बाबतीत याविषयी अभ्यासकांचे एकमत झालेले नाही. तरी एकदा कमावलेली ताकद पहिल्या खेपेपेक्षा दुसऱ्या खेपेस लवकर येते, हा पुष्कळांचा अनुभव आहे, आणि त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण या शोधात मिळते.

शरीराची बाजू अशी आशेची आहे. मग अडते कोठे?

३. जुने मोजमाप

एका गृहस्थाची कल्पना करू. विद्यार्थिदशेत ते रोज शंभर सूर्यनमस्कार घालीत. नोकरी लागल्यावर दहा वर्षे खंड पडला. एके दिवशी जुने छायाचित्र पाहून त्यांच्या मनात उमेद निर्माण होते आणि दुसऱ्याच पहाटे ते नमस्कार घालू लागतात. शंभर नाही, तरी पन्नास घालण्यास काय हरकत आहे, असा हिशेब ते मनाशी करतात; त्यांना वाटते, आपण निम्म्यानेच आरंभ केला. पंचविसाव्या नमस्काराला धाप लागते, चाळिसाव्याला डोळ्यांपुढे अंधारी येते, तरी हट्टाने पन्नास पुरे होतात. तिसऱ्या दिवशी मांड्या व दंड एवढे भरून येतात की खुर्चीवरून उठणे कठीण होते. 'दोन दिवस विसावा घेऊ' असे ते ठरवितात, आणि त्या दोन दिवसांचे वर्ष होते.

या गृहस्थांच्या ठिकाणी प्रेरणेचा अभाव होता असे म्हणता येईल काय? उलट पहिल्या दिवशी ती गरजेपेक्षा अधिकच होती. त्यांची चूक हिशेबाची आहे. निम्मे म्हणजे कशाच्या निम्मे? ते दहा वर्षांपूर्वीच्या शक्तीच्या निम्मे होते. आजच्या शक्तीच्या ते दुप्पट असावे. जो कधीच व्यायाम करीत नव्हता, त्याच्याजवळ असे जुने माप नसते. पाच नमस्कार घातले तर त्याला पाचांचा आनंद होतो. परतणाऱ्यास मात्र त्याच पाचांत पंचाण्णवांची उणीव दिसते. त्याचे पूर्ववैभव हेच त्याच्या मार्गातील पहिले विघ्न होऊन बसते.

या ठिकाणी मानसशास्त्रातील काही निष्कर्ष उपयोगी पडतात. एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन यांनी १९७० नंतरच्या काळात विकसित केलेल्या उपपत्तीनुसार, कोणतेही काम माणूस बाह्य धाकाशिवाय दीर्घकाळ करीत राहावा यासाठी त्याच्या तीन मूलभूत गरजा भागाव्या लागतात : हे मी स्वतःच्या इच्छेने करीत आहे ही जाणीव, हे मला जमते आहे ही जाणीव, आणि आपल्या माणसांशी असलेला संबंध. जुन्या मापाने मोजणारा माणूस यांपैकी दुसरी गरज स्वतःच्या हाताने मारून टाकतो. प्रत्येक दिवस त्याला 'मला हे जमत नाही' एवढेच शिकवितो.

दुसरा निष्कर्ष श्रमाच्या तीव्रतेविषयीचा आहे. पॅन्टेलेमॉन एक्केकाकिस आदी संशोधकांनी असे दाखविले आहे की, ज्या मर्यादेपलीकडे श्वास एकदम जोराने वाढू लागतो व सलग बोलणे अवघड होते, ती मर्यादा ओलांडल्यावर बहुतेक सर्वांनाच व्यायाम अप्रिय वाटू लागतो. तिच्या अलीकडे तो पुष्कळांना सुखकर वाटतो. खंड पडलेल्या माणसाची ही मर्यादा खाली आलेली असते, परंतु त्याची स्मृती जुन्याच मर्यादेची असते. म्हणून तो नकळत अप्रियतेच्या प्रदेशात शिरतो, आणि जे अप्रिय झाले ते पुन्हा करावेसे न वाटणे हा मनाचा साधा धर्म आहे.

या संदर्भात आपल्या प्राचीन वैद्यकाचे स्मरण होते. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे, आणि ते अर्धे कसे ओळखावे याची खूणही श्वासावरच ठेवलेली आहे : श्वास तोंडाने घ्यावासा वाटू लागला की अर्धी शक्ती खर्च झाली असे समजावे. या नियमातील मर्म असे की, त्यातील माप आजच्या श्वासावरून घेतलेले आहे, जुन्या आकड्यावरून नव्हे. आमच्या गृहस्थांनी 'निम्मे' शब्द बरोबर योजला होता. केवळ ते कशाच्या निम्मे हे पाहिले नाही.

४. संकल्प आणि कृती यांमधील अंतर

आता पहिल्या गृहीतकाकडे वळू. प्रेरणा वाढविली म्हणजे कृती घडेल, हे कितपत खरे आहे? सारा मिल्न, शीना ऑर्बेल व पास्कल शीरन यांचा २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या प्रश्नावर चांगला प्रकाश टाकतो. विद्यापीठातील २४८ विद्यार्थ्यांचे त्यांनी तीन गट केले. पहिल्या गटास व्यायामाविषयी काहीच सांगितले नाही. दुसऱ्या गटास हृदयविकाराचा धोका व तो टाळण्यासाठी व्यायामाचा उपयोग यांविषयीचा मजकूर वाचावयास दिला. तिसऱ्या गटास तोच मजकूर दिला आणि त्याशिवाय, पुढील आठवड्यात आपण कोणत्या दिवशी, किती वाजता व कोठे व्यायाम करणार, हे लिहून काढावयास सांगितले. पुढच्या आठवड्यात व्यायाम केल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात ३८ टक्के, दुसऱ्यात ३५ टक्के आणि तिसऱ्यात ९१ टक्के होते. मजकूर वाचून विद्यार्थ्यांचा निश्चय वाढला होता. कृती मात्र वाढली नव्हती. ती वाढली, ते निश्चयास वार, वेळ आणि जागा मिळाल्यावर.

हा प्रयोग एका आठवड्यापुरता होता आणि उत्तरे विद्यार्थ्यांनी स्वतःच दिलेली होती, हे विसरता कामा नये. इतका मोठा फरक सर्वत्र आढळेल असे मानणेही धाडसाचे ठरेल. परंतु पीटर गोल्वित्झर यांनी १९९० नंतरच्या काळात मांडलेल्या ज्या विचारावर तो आधारलेला आहे, त्यास इतरही पुष्कळ आधार आहे. 'मी व्यायाम करीन' हा संकल्प झाला. 'सकाळी चहाचा पेला खाली ठेवला की मी चपला घालून बाहेर पडेन' ही योजना झाली. संकल्पाला दररोज नव्याने मनाची संमती लागते. योजनेत ती संमती एकदाच देऊन ठेवलेली असते. पुढे पेला खाली ठेवणे हीच सूचना पुरते.

अशा सूचनेला बांधलेली कृती पुन्हा पुन्हा केली की तिची सवय होते. ती किती दिवसांत होते याविषयी अनेक आकडे लोकांत रूढ आहेत. एकवीस दिवसांचा आकडा तर सर्वतोमुखी आहे. लंडनमध्ये फिलिपा लॅली व सहकारी यांनी ९६ व्यक्तींवर केलेल्या आणि २०१० मध्ये छापून आलेल्या अभ्यासात हा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत निघाला. मध्यमान ६६ दिवसांचे होते. याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय जडण्याच्या क्रियेत लक्षणीय बाधा आली नाही.

चुकलेल्या एका दिवसाने शरीराचे वा सवयीचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते त्या दिवसाला आपण जो अर्थ देतो त्यामुळे. व्यसनमुक्तीच्या संदर्भात ॲलन मार्लट यांनी हा मनोव्यापार स्पष्ट केला आहे. नियम एकदा मोडला की मनुष्य ती चूक प्रसंगावर न ढकलता आपल्या स्वभावावर ढकलतो, आणि 'मी असाच आहे' या निष्कर्षाने नियमच सोडून देतो. व्यायामाच्या बाबतीतही हेच घडताना दिसते. चुकलेला मंगळवार म्हणजे केवळ एक मंगळवार. परंतु त्याचा पुरावा म्हणून उपयोग केला की तो बुधवारही घेऊन जातो.

प्रेरणा कृतीच्या मागून येते, याला आणखी एक आधार आहे. मॅथ्यू रूबी व सहकारी यांच्या २०११ मधील अभ्यासात असे दिसले की, व्यायामापूर्वी लोक त्यातून मिळणाऱ्या आनंदाचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी करतात. कारण त्यांचे लक्ष प्रारंभीच्या नकोशा क्षणांवर खिळलेले असते. ज्या आनंदाने प्रेरणा मिळावयाची, तो उंबरठ्याच्या पलीकडे असतो आणि अलीकडून दिसत नाही. प्रेरणेची वाट पाहत उंबरठ्याच्या आत बसणाऱ्यास ती म्हणूनच भेटत नाही.

५. तालमीने काय दिले होते

महाराष्ट्रात तालमीची संस्था पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिचा विचार वरील निष्कर्षांच्या प्रकाशात केला तर ती केवळ शरीर कमावण्याची जागा नव्हती, हे ध्यानात येते. पहाटेची ठरलेली वेळ होती. लाल मातीचा हौदा ही ठरलेली जागा होती. बरोबरीचे जोडीदार होते. आणि आज किती जोर, किती बैठका हे ठरविणारा वस्ताद होता. एखादा पोरगा दोन दिवस आला नाही तर 'का रे, कुठे होतास?' असे विचारणारे कोणी तरी होते. वेळ आणि जागा यांची योजना, सोबत, आणि आजच्या शक्तीचे माप घेणारी दुसऱ्याची नजर, या तिन्ही गोष्टी तेथे आयत्या मिळत. प्रेरणा आहे की नाही हा प्रश्न तेथे रोज उपस्थितच होत नसे.

या संस्थेचा गौरव करताना तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ती बहुतांशी तरुण पुरुषांची होती. स्त्रियांना, प्रौढांना व दुबळ्यांना तेथे सहसा स्थान नव्हते. प्रश्न तालीम परत आणण्याचा नाही. आज एकट्याने, खोलीचे दार लावून पुनरारंभ करू पाहणाऱ्या माणसाला हे सर्व घटक स्वतःच जुळवावे लागतात, आणि ते जुळले नाहीत की तो दोष आपल्या इच्छाशक्तीला देतो, एवढाच मुद्दा आहे.

६. उपसंहार

आता आपल्या गृहस्थांकडे परत येऊ. त्यांनी दुसऱ्यांदा आरंभ करावयाचा ठरविला तर तो कसा असावा? पहिल्या आठवड्यात त्यांनी पाचच नमस्कार घालावे, आणि सहावा घालावासा वाटला तरी तो दुसऱ्या दिवसासाठी ठेवावा. ते आंघोळीपूर्वी, ठरलेल्या जागीच घालावे. संख्या वाढवावी ती श्वासाला विचारून, स्मृतीला विचारून नव्हे. शक्य तर घरातील कोणी किंवा शेजारचा एखादा स्नेही सोबत घ्यावा. दिवस चुकला तर त्याची भरपाई दुसऱ्या दिवशी दुपटीने करू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाचच. पहिल्या दिवसांत अंग थोडे दुखेल. अनभ्यस्त श्रमानंतर एकदोन दिवसांनी येणारी ही ठणक स्वाभाविक आहे, आणि तोच व्यायाम पुन्हा केल्यावर ती पूर्वीइतकी जाणवत नाही. हृदयाचा, रक्तदाबाचा किंवा मधुमेहाचा विकार असेल, अथवा श्रम करताना छातीत दुखत असेल, तर मात्र वैद्यकीय सल्ल्यावाचून आरंभ करू नये.

पाच नमस्कारांनी काय होणार, असा आक्षेप येईल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम श्रमाची शिफारस केली आहे. तिच्या मानाने ही संख्या नगण्य आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याच शिफारशीत, थोडी हालचाल ही मुळीच नसण्यापेक्षा बरी, असेही म्हटले आहे, आणि श्रम निदान सलग दहा मिनिटांचा असावा ही जुनी अट काढून टाकली आहे. शिवाय पाच नमस्कारांचे पहिले काम शरीर घडविणे हे नाहीच. 'मी व्यायाम करीत असे' या वाक्यातील भूतकाळ काढून टाकणे, हे त्यांचे काम आहे. तो गेला की पाचांचे बारा आणि बारांचे पंचवीस होण्यास फार प्रेरणा लागत नाही.

डॅलसमधील त्या पाच माणसांनी पन्नाशीत सहा महिन्यांच्या श्रमाने जे मिळविले, त्याचे मोल आपण कोणत्या मापाने मोजतो यावर सर्व अवलंबून आहे. विशीतील शिखराशी तुलना केली तर ते पाचही जण अपयशी ठरतात. सहा महिन्यांपूर्वीच्या स्वतःशी तुलना केली तर वयाच्या तीस वर्षांची घट त्यांनी भरून काढली, असे म्हणावे लागते. दोन्ही विधाने खरी आहेत. परंतु दुसऱ्या दिवशी पहाटे उठविण्याचे सामर्थ्य त्यांपैकी दुसऱ्यातच आहे.